१७८० सालचा थेलर

मारिया थेरेसा थेलर हे चांदीचे नाणे पहिल्यांदा १७४१ साली पाडले गेले. हॅब्सबर्ग घराण्याची ही राणी आदल्याच वर्षी गादीवर आली होती आणि स्त्रीचा वारसा अमान्य करणारे राजे तिच्या मुलखावर चालून आले होते. तिने चाळीस वर्षे राज्य राखले. १७८० मध्ये ती वारली आणि नाण्यावरचे साल तिथेच थांबले. येमेन, इथिओपिया या भागांतल्या व्यापाऱ्यांचा याच नाण्यावर विश्वास होता, म्हणून टांकसाळी जुन्याच सालाने ते पाडत राहिल्या.

नाण्यावर राणीचा भारदस्त चेहरा, डोक्यावरून वैधव्याचे वस्त्र, खांद्याशी मोत्यांचे पदक. मागे दोन तोंडांचा गरुड. कडेवर लॅटिनमध्ये ‘न्याय आणि दया’ अशी अक्षरे आहेत. ती नुसत्या शोभेची नव्हेत. कोणी कडेची चांदी कापली, तर लगेच उघडकीस येई. वजन सुमारे २८ ग्रॅम, त्यात हजारात ८३३ भाग चांदी.

पुढे लंडन, पॅरिस, रोम इथेही हे नाणे पाडले गेले. दुसऱ्या महायुद्धात तर मुंबईच्या टांकसाळीतही. संग्राहकाचा खरा कस इथेच लागतो. साल सगळ्यांवर एकच असल्यामुळे पदकावरचे मोती, गरुडाची पिसे, अक्षरांची ठेवण भिंगातून पाहूनच टांकसाळ ठरवावी लागते. राणीच्या हयातीतले नाणे दुर्मीळ आहे, त्यामुळे नुसते १७८० साल पाहून जादा किंमत मोजू नये.