दगड लंडनला गेला नाही, नाव गेलं

महाबळेश्वरच्या बेकविथ स्मारकाला दोन लेख मिळाले. मुंबई इलाख्याचे सरसेनापती सर थॉमस सिडनी बेकविथ १८३१च्या जानेवारीत इथेच वारले. वर्गणी काढून स्तंभ उभा राहिला, पण त्यावरचा मजकूर लेडी बेकविथना पसंत पडला नाही. त्यांनी संगमरवरावर कोरलेला दुसरा लेख पाठवला. वर्गणीदारांनी आपला लेख काढला नाही. बाईंचा समोरच्या अंगाला बसवला. नोंद करणाऱ्याने अशा ठिकाणी दोन्ही लेख उतरवून घ्यायचे असतात.

थडग्यांवरचे लेख नोंदवण्याचं हे काम चिकाटीचं आहे. शेवाळ मऊ ब्रश आणि साध्या पाण्याने काढायचं. तारेचा ब्रश आणि आम्ल वर्ज्य. कोवळं ऊन तिरपं पडलं की झिजलेली अक्षरं उठून दिसतात. सावलीतल्या दगडावर आरशाने उजेड टाकतात. मजकूर ओळीला ओळ, चुकांसकट लिहायचा, संशयित अक्षर चौकटी कंसात ठेवायचं, थडग्याची जागा नकाशावर मांडायची. मग दफनाच्या नोंदवहीशी ताळा. दगडावर बहुधा मृत्यूची तारीख असते, वहीत दफनाची. ज्यांना दगड परवडला नाही, ते फक्त वहीतच सापडतात.

साताऱ्यासारख्या छावण्यांतल्या पाद्र्यांच्या नोंदींच्या नकला मुंबईला आणि तिथून लंडनला जात. आज त्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. त्या मुख्यतः युरोपीय लोकांच्या. त्यांच्या कबरींसाठी १९७६ पासून ‘ब्रिटिश असोसिएशन फॉर सिमेट्रीज इन साउथ एशिया’ ही संस्थाही झटते आहे.

आपल्या माणसांचं काय? मिरजेत डॉ. विल्यम वॉनलेस यांचं मिशन हॉस्पिटल १८९४ मध्ये सुरू झालं. त्या परिसरातली मराठी ख्रिस्ती कुटुंबं, गावोगावची कब्रस्तानं, लिंगायतांच्या दफनभूमी यांच्या नोंदी लंडनला कोण पाठवणार होतं? जिथे वही आहे, तिथे बहुधा एकच प्रत आहे. महाबळेश्वरचा पाऊस दगड खातो. कृष्णेचं पाणी कागद सोडत नाही. ऑगस्ट २०१९च्या पुरात सांगलीने ते पाहिलं.

म्हणून पहिलं काम वहीच्या पानापानाचं छायाचित्र काढण्याचं, दुसरं दगडांचं. पंचायत, चर्च, जमात आणि जवळचं कॉलेज यांनी ठरवलं तर एका हिवाळ्यात एक दफनभूमी पुरी होईल. एक प्रत गावात, दुसरी पुराच्या रेषेपलीकडे ठेवावी. सरसेनापतीला दोन लेख मिळाले. मिरजेच्या मिशन हॉस्पिटलातल्या एखाद्या परिचारिकेला निदान एक नोंद मिळायला हवी.