करवीरचे हुकूम आणि संविधानातील हक्क: गैरसमज आणि वस्तुस्थिती

शाळांमध्ये भारतीय संविधानाचा परिचय बहुधा 26 नोव्हेंबर 1949 आणि 26 जानेवारी 1950 या दोन तारखांपासून सुरू होतो. त्यामुळे नागरिकांचे हक्क कोणत्या संघर्षांतून आणि राज्यकारभाराच्या कोणत्या अनुभवांतून आकाराला आले, हे विद्यार्थ्यांच्या नजरेआड राहते. यातील काही अनुभव ज्या भूमीत प्रत्यक्ष घडले, त्या कोल्हापुरात ही उणीव अधिकच खटकते.

गैरसमज 1: शासकीय नोकऱ्यांतील आरक्षण ही स्वातंत्र्यानंतरची कल्पना आहे.

वस्तुस्थिती: राजर्षी शाहू छत्रपती इंग्लंडच्या दौऱ्यावर असताना, 26 जुलै 1902 रोजी निघालेल्या त्यांच्या हुकुमाने करवीर (म्हणजेच कोल्हापूर) संस्थानात रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी 50 टक्के जागा मागासवर्गीयांसाठी राखून ठेवण्यात आल्या. ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि इतर पुढारलेले वर्ग वगळता सर्व जाती मागास मानाव्यात, ज्या कचेरीत त्यांचे प्रमाण 50 टक्क्यांहून कमी आहे तेथील पुढची नेमणूक त्यांच्यातूनच करावी आणि खातेप्रमुखांनी नेमणुकांचा अहवाल दर तीन महिन्यांनी सादर करावा, असे त्यात स्पष्ट नमूद होते. राज्याच्या सेवेत पुरेसे प्रतिनिधित्व नसलेल्या मागास वर्गांसाठी जागा राखून ठेवण्याची मुभा देणाऱ्या संविधानातील अनुच्छेद 16(4) मागे प्रमाणाचा हाच विचार आहे.

गैरसमज 2: संविधान लागू झाल्यापासूनच शिक्षण हा मूलभूत हक्क आहे.

वस्तुस्थिती: मूळ संविधानात मोफत व सक्तीच्या शिक्षणाची तरतूद अनुच्छेद 45 मध्ये, म्हणजे मार्गदर्शक तत्त्वांमध्ये होती, ही तत्त्वे धोरण आखताना राज्याने पाळावयाची असली, तरी त्यांच्या अंमलबजावणीसाठी न्यायालयाकडे दाद मागता येत नाही. 2002 च्या 86 व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद 21अ समाविष्ट झाला आणि 6 ते 14 वर्षे वयाच्या मुलांचा हा हक्क 1 एप्रिल 2010 पासून अमलात आला. याउलट करवीर संस्थानाने सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा 1917 मध्येच केला होता आणि मुलांना शाळेत न पाठवणाऱ्या पालकांना दरमहा एक रुपया दंड ठेवला होता. ज्यांचे शिक्षण काही काळ कोल्हापुरातच झाले, त्या गोपाळ कृष्ण गोखले यांनी 1911 मध्ये मांडलेले अशाच आशयाचे विधेयक मात्र ब्रिटिश हिंदुस्थानच्या विधिमंडळात फेटाळले गेले होते.

गैरसमज 3: संविधानातील हक्क परदेशी संविधानांवरून उतरवून घेतले आहेत.

वस्तुस्थिती: संविधान सभेने अनेक देशांच्या संविधानांचा अभ्यास केला आणि शासनयंत्रणेचा बराचसा आराखडा 1935 च्या भारत सरकार कायद्यावरून घेतला, हे खरे, परंतु त्या कायद्यात मूलभूत हक्कांची सनद नव्हती. हक्कांची मागणी 1928 चा नेहरू अहवाल आणि 1931 चा कराची ठराव यांतून पुढे आली होती. अस्पृश्यता नष्ट करणाऱ्या अनुच्छेद 17 ची मुळे तर येथल्याच समाजजीवनात आहेत: सार्वजनिक पाणवठे, दवाखाने व शाळांमध्ये अस्पृश्यता पाळण्यास मनाई करणारे करवीरचे 1919 चे हुकूम, डॉ. आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली मार्च 1920 मध्ये भरलेली माणगाव परिषद आणि 1927 चा महाडचा सत्याग्रह, हा त्यामागचा इतिहास आहे.

गैरसमज 4: शाहू महाराजांच्या हुकुमांमुळे संस्थानातील प्रजेला संविधानिक हक्क मिळाले होते.

वस्तुस्थिती: हे हुकूम कितीही न्याय्य असले, तरी त्यांचा आधार राज्यकर्त्याची इच्छा हाच होता. संविधानिक शासन म्हणजे राज्यकर्त्यांच्या सत्तेलाही कायद्याची मर्यादा असलेले शासन. तेथे हक्काचा भंग झाल्यास नागरिकाला अनुच्छेद 32 नुसार थेट सर्वोच्च न्यायालयात सरकारविरुद्ध उभे राहता येते. हा फरक ओळखूनच 1939 मध्ये स्थापन झालेल्या कोल्हापूर संस्थान प्रजा परिषदेने माधवराव बागल आणि रत्नाप्पा कुंभार यांच्या नेतृत्वाखाली जबाबदार राज्यपद्धतीची, म्हणजे लोकप्रतिनिधींना उत्तरदायी असणाऱ्या शासनाची मागणी केली. रत्नाप्पा पुढे संविधान सभेचे सदस्य झाले आणि 1 मार्च 1949 रोजी कोल्हापूर मुंबई प्रांतात विलीन झाले.

म्हणूनच कलमांचे क्रमांक पाठ करून घेण्यापेक्षा 1902 चा हुकूम अनुच्छेद 16(4) शेजारी आणि 1919 चे हुकूम अनुच्छेद 17 शेजारी ठेवून, साम्य कोठे आहे आणि हुकूम मोडला गेल्यास दाद कोणाकडे मागता येत होती, हे विद्यार्थ्यांना शोधायला लावणे अधिक फलदायी आहे. या तुलनेतून न्यायी राजाविषयीचा आदर कमी होत नाही. उलट, हक्क कोणाच्याही चांगुलपणावर अवलंबून राहू नयेत यासाठी संविधान आवश्यक असते, हे विद्यार्थ्यांना स्वतःच्या विचाराने उमगते.