डागणीचा इलाज : हूऱ्यापासून मेळघाटापर्यंत

बहरीनची राजधानी मनामा हिच्या ईशान्येस वसलेला हूरा हा मोहल्ला आज उपाहारगृहे, भाड्याच्या सदनिका आणि १९९० साली उघडलेले 'बैत अल् कुरआन' यांसाठी ओळखला जातो; परंतु पोटासाठी येथे येऊन राहिलेल्या मराठी माणसास एखाद्या वृद्ध अरब शेजाऱ्याच्या मानेवर, टाचेच्या वर किंवा पोटावर नाण्याएवढा फिकट गोल व्रण दिसतो, तेव्हा तो अपघाताचा नसून उपचाराचा आहे हे त्याच्या लवकर ध्यानात येत नाही. लोखंडी कांब निखाऱ्यात लाल करून ती नेमक्या जागी क्षणभर टेकवावयाची, या इलाजाला अरबीत 'कय्य' म्हणतात. आणि कावीळ, कटिशूल, मांडीतून पायापर्यंत उतरणारी कळ अशा नाना व्याधींवर तो या आखातात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे.

याला रानटीपणा म्हणून मोकळे होणे सोपे आहे, परंतु तसे म्हणणाराने आपल्या घरचे दप्तर आधी उघडून पाहावे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील बारावा अध्याय सबंध अग्निकर्माला वाहिलेला असून, त्वचा डागण्यास पिंपळी, शेळीची लेंडी, गाईचा दात, बाण व शलाका, मांसाकरिता धातूची उपकरणे, तर शिरा, स्नायू, संधी व अस्थी यांकरिता मध, गूळ आणि स्निग्ध पदार्थ तापवून वापरावेत, एवढी बारीक वाटणी त्यात केलेली आहे. पुढे कोर्दोव्याच्या अल्-जहरावीने आपल्या तीस भागांच्या ग्रंथातील शेवटचा भाग शस्त्रक्रियेला दिला, आणि त्याचा आरंभच डागणीने केला. मात्र डागणी हा सर्वांत शेवटचा उपाय, अशी अरबांत म्हणच आहे. आणि सुश्रुतानेही शरद व ग्रीष्म हे ऋतू आणीबाणीखेरीज वर्ज्य ठरवून, दुर्बल, वृद्ध, भित्रा आणि बालक यांस अग्निकर्म करू नये, असा स्पष्ट निषेध लिहून ठेवला आहे.

हा निषेध वाचताना मेळघाट आठवल्यावाचून राहत नाही. अमरावती जिल्ह्याच्या धारणी व चिखलदरा तालुक्यांतील कोरकू पाड्यांवर तान्ह्या मुलाचे पोट फुगले की तापलेल्या विळ्याने ते डागण्याची, म्हणजे 'डंबा' देण्याची वहिवाट आहे. शास्त्रात ज्याची मनाई, त्याच बालकाच्या अंगावर ती चालते. असे प्रकार उघडकीस आले म्हणजे पोलिसांत गुन्हे नोंदवले जातात, आणि भुमका म्हणजे पाड्यावरील वैदू यांना हाताशी धरून रुग्ण दवाखान्यात आणवण्याचे प्रयत्नही झालेले आहेत. माझ्या मते हा दुसरा मार्ग अधिक शहाणपणाचा होय, कारण रात्री-अपरात्री आईच्या हाकेच्या अंतरावर असतो तो भुमका.

असा इलाज टिकतो कसा, याचे उत्तर केवळ अज्ञान हे नव्हे. नवजात अर्भकाची बहुतेक कावीळ आपोआप उतरते, पायात उतरणारी कळही बहुधा काही आठवड्यांत ओसरते, आणि मधल्या काळात ज्याने डाग दिला त्याच्या पदरी यश पडते. शिवाय शरीराच्या एका ठिकाणची तीव्र वेदना दुसऱ्या ठिकाणच्या वेदनेची जाणीव काही काळ मंदावते, हे प्रयोगशाळेतही दिसून आलेले आहे. रुग्णाचा अनुभव खोटा नसतो. त्यावरून काढलेला निष्कर्ष फसवा असतो.

बहरीनमध्ये पाश्चात्त्य वैद्यक आले ते अमेरिकन मिशनबरोबर, आणि १९०३ साली मनामात मेसन स्मारक रुग्णालय सुरू झाले. आखातातील इंग्रजांचा कारभार १८७३ पर्यंत मुंबई इलाख्याच्या अखत्यारीत होता, आणि रुपया तर बहरीनमध्ये १९६५ पर्यंत चालत होता. तेव्हा नव्या वैद्यकाचे येथील आगमन मराठी वाचकाला अगदीच परक्या मुलखातील वाटू नये. परंतु त्याच रुग्णालयाच्या सावलीत, १९०४ च्या जुलै महिन्यात, मिशनचे एक संस्थापक सॅम्युएल झ्वेमर यांच्या दोन लहान मुली, रूथ आणि कॅथरिना, आठ दिवसांच्या अंतराने आमांशाने दगावल्या. इमारत, डॉक्टर आणि शस्त्रे असूनही औषध नव्हते; शेजारचे अरब ज्या असहायतेने कांब तापवीत असतील, ती त्या आठवड्यात मिशनच्या अंगणातही उतरली असली पाहिजे.

आणि अग्नी तरी वैद्यकातून गेला कोठे? १५३७ च्या सुमारास आम्ब्रवाज पारे या फ्रेंच शल्यविशारदाने बंदुकीच्या जखमेत उकळते तेल ओतणे सोडले, पण १९२६ साली बोस्टन येथे हार्वे कुशिंग याने बोवीच्या विद्युत्‌-यंत्राने रक्तवाहिन्या डागून मेंदूची शस्त्रक्रिया केली, आणि आज हृदयाची बिघडलेली लय सुधारण्यासाठी शिरेतून तार घालून हृदयाचा इवलासा अंश जाळतात. फरक एवढाच, की काय जाळावयाचे आणि का, हे आज आधी ठाऊक असते. मला हा फरक फार मोठा वाटतो.

तथापि ठाऊक असणे आणि बरे करणे यांत किती अंतर पडते, याची साक्ष बहरीनमध्ये घरोघरी मिळते. १९१० साली शिकागोच्या जेम्स हेरिक याने प्रथम वर्णिलेला सिकलसेल हा रक्तदोष या बेटांवर फार आहे. १९८४-८५ च्या तपासणीत शंभर नवजात बालकांमागे सुमारे दोघांना तो आढळला होता. विदर्भातील आणि नंदुरबारकडील आदिवासी व दलित समाजांत जो सिकलसेल आढळतो, त्याची आनुवंशिक ठेवण आणि पूर्व अरबस्तानातील दोषाची ठेवण एकच असून, शास्त्रज्ञ तिला 'अरब-भारतीय' असेच नाव देतात. समुद्राच्या दोन्ही तीरांवर एकच कळ, हाडांच्या आत उठणारी, दिवसेंदिवस न थांबणारी. तिचे मूळ कारण, म्हणजे रक्तद्रव्याच्या साखळीतील सहाव्या स्थानी झालेला एकच बदल, आपणांस गेल्या शतकाच्या मध्यापासून ज्ञात आहे. परंतु कळ उठल्यावर मनामातील सलमानियाच्या मोठ्या रुग्णालयातही सलाईन, प्राणवायू, मॉर्फिन आणि वाट पाहणे, हाच मुख्य आधार असतो. अशा वेळी एखादा आजोबा नातवासाठी जुन्या हकिमाचे नाव काढतो, तर त्याला मूर्ख ठरविण्याचा अधिकार कोणाला पोहोचतो, हे मला सांगता येत नाही.

डिसेंबर २०२३ मध्ये बहरीनने सिकलसेलवरील, गुणसूत्रांतील मजकूर दुरुस्त करणाऱ्या 'कॅसजेव्ही' या उपचारास मान्यता दिली. इंग्लंडनंतर तसे करणारा हा दुसराच देश. रुग्णाच्या मूळपेशी काढून प्रयोगशाळेत सुधारावयाच्या, आणि त्या परत घालण्यापूर्वी त्याची अस्थिमज्जा बुसल्फान या जहाल औषधाने अक्षरशः उजाड करावयाची, अशी ही रीत. अमेरिकेत तिची किंमत बावीस लाख डॉलर ठरली आहे. धारणीच्या पाड्यावर अथवा हूऱ्याच्या भाड्याच्या खोलीत ही रक्कम उच्चारणेही हास्यास्पद ठरेल.

त्याहून स्वस्त काम कायद्याने केले. २००४ च्या कायद्याने बहरीनमध्ये विवाहापूर्वी रक्ततपासणी सक्तीची झाली, आणि नवजातांतील सिकलसेलचे प्रमाण २०१० पर्यंत शंभरी अर्ध्याच्याही खाली आले. आपल्याकडेही वाहकास पिवळे आणि रुग्णास लाल कार्ड देण्याची व्यवस्था आहे. मात्र बहरीनचा कायदा तपासणीचा हुकूम देतो, विवाहाला मनाई करीत नाही: दोघेही वाहक निघाले, तर प्रत्येक अपत्यास चारांत एक धोका आहे एवढे डॉक्टर समजावून सांगतो, दाखला हातात देतो, आणि काही जोडपी तो घेऊन लग्नाच्या तयारीला लागतात.