विरारच्या काळ्या कातळात जीवाश्म सापडतात का? गोल दगड दिसला म्हणजे डायनासोरचं अंडं नव्हे!

विरार : विहीर खणताना किंवा खदानीत कांद्यासारखे पापुद्रे सुटणारा गोल दगड निघाला, की 'डायनासोरचं अंडं' म्हणून त्याचा फोटो व्हॉट्सॲपवर फिरायला वेळ लागत नाही. पण आपल्याकडचा काळा दगड ऊन-पावसाने झिजला की त्याच्या कडांची माती होते आणि मधला गोळा शिल्लक राहतो. ते अंडं नसतं.

जीवाश्म म्हणजे काय?
प्राणी किंवा झाड मेल्यावर लगेच गाळाखाली गाडलं गेलं, तर ते पूर्ण कुजत नाही. पाण्यातले क्षार हाडात, लाकडात मुरतात आणि त्याचा दगड होतो. पावलांचे ठसे, अंडी, शिंपले, इतकंच काय विष्ठाही अशी टिकते. या सगळ्याचा अभ्यास म्हणजे जीवाश्मशास्त्र.

आपल्या डोंगरात काय आहे?
जीवदानीचा डोंगर असो की सह्याद्री, हा कातळ सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा आहे. तापलेल्या लाव्हात हाडं, पानं टिकणं कठीण. म्हणून काळ्या दगडात जीवाश्म जवळपास मिळत नाहीत.

मात्र लाव्हा एकदम वाहिला नाही. एक थर वाहून गेला की मध्ये बराच काळ जायचा. त्या काळात तळी साचायची, झाडं उगवायची, बेडूक-कासवं राहायची. मग पुढचा लाव्हा यायचा आणि तळ्याचा गाळ दोन थरांमध्ये दाबला जायचा. जीवाश्म असतात ते या मऊ, पातळ थरात. वरच्या-खालच्या लाव्हाचं वय काढलं की मधल्या जीवाचंही वय कळतं.

मुंबईतलाच पुरावा
वरळीच्या टेकडीत अशाच थरात लहान बेडकांचे सांगाडे सापडले. १८४७ साली रिचर्ड ओवेन यांनी त्यांचं शास्त्रीय वर्णन केलं. हाच तो 'डायनासोर' शब्द तयार करणारा शास्त्रज्ञ. आज हा बेडूक 'इंडोबॅट्राकस' नावाने ओळखला जातो. वरळीत कासवाचाही जीवाश्म मिळाला. राज्याच्या दुसऱ्या टोकाला, गडचिरोलीत सिरोंच्याजवळ वडधमला डायनासोरची हाडं आणि दगड झालेली झाडं सापडली आहेत.

काही सापडलं तर काय कराल?
- फोडू नका, धुऊ नका, घरी नेऊ नका. कुठल्या थरात होतं हे कळलं नाही, तर जीवाश्माची अर्धी माहिती गेली.
- बाजूला नाणं ठेवून फोटो काढा. एक जवळून, एक पूर्ण कड्याचा.
- मोबाईलवरून लोकेशन सेव्ह करा.
- तहसील कार्यालय किंवा जवळच्या कॉलेजच्या भूगोल विभागामार्फत भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला कळवा.

खदानीत दोन काळ्या थरांमध्ये मऊ, मातकट पट्टा दिसला तर मशीन लावण्याआधी एकदा नीट बघा. तो पट्टा क्रशरमध्ये गेला, तर त्यातलं काहीच परत मिळणार नाही.