तार न जोडता वाहकता कशी मोजतात?

भंडारा शहर पितळी भांड्यांसाठी प्रसिद्ध आहे. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त यांचे मिश्रण. जस्त मिसळले की तांब्याची विद्युतवाहकता खूप घटते. नेहमीच्या पितळेत ती तांब्याच्या सुमारे एक चतुर्थांश उरते. हा फरक वर्गात कसा दाखवावा?

मल्टिमीटरची टोके आधी तांब्याच्या, मग पितळेच्या जाड पट्टीवर टेकवली, तर आकडे जवळजवळ सारखेच येतात. वीतभर पट्टीचा रोध ओहमच्या हजाराव्या भागाहूनही कमी असतो. मीटरच्या तारांचा आणि टोके टेकतात त्या जागांचा रोध त्याच्या कितीतरी पट असतो. म्हणजे आपण पट्टी मोजतच नाही, जोडणी मोजतो.

आता सारख्या जाडीच्या दोन्ही पट्ट्या सारख्याच तीव्र उतारावर ठेवू आणि त्यांवरून एक छोटा निओडिमियम चुंबक घसरू देऊ. तो तांब्यावरून अधिक सावकाश उतरतो. सरकत्या चुंबकामुळे धातूत भोवऱ्यासारखे प्रवाह निर्माण होतात आणि लेन्झच्या नियमानुसार ते चुंबकाला अडवतात. वाहकता जास्त, तर प्रवाह मोठे आणि अटकावही मोठा. एकही तार न जोडता वाहकतेची तुलना झाली!

तार न जोडण्याची गरज संशोधनातही पडते. १९८० साली क्लाउस फॉन क्लिट्झिंग यांना क्वांटम हॉल परिणाम आढळला. १९८५ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. अतिशीत तापमानात, प्रबळ चुंबकी क्षेत्रात, इलेक्ट्रॉनांच्या अतिपातळ थराचा हॉल रोध पायऱ्यापायऱ्यांनी बदलतो. २५,८१२.८ ओहम या संख्येला पूर्णांकाने भागले की त्या पायऱ्या मिळतात. पायरीवर असताना थराचा अंतर्भाग जवळजवळ विसंवाहक बनतो. वीज कडेने वाहू शकते. मग कडेला जोडलेल्या तारा आतली हकिकत कशी सांगणार?

१९८६ मध्ये आखिम विक्सफोर्थ आणि सहकाऱ्यांनी गॅलियम आर्सेनाइडच्या स्फटिकाच्या पृष्ठभागावरून ध्वनिलाट सोडली. या स्फटिकात लाटेबरोबर विद्युतक्षेत्रही धावते आणि थरातील इलेक्ट्रॉनांना हलवते. लाट किती क्षीण झाली, तिचा वेग किती बदलला, यावरून थराची वाहकता काढता येते.

विद्यार्थ्यांसाठी एक प्रश्न: तांब्याच्या पट्टीत करवतीने जवळजवळ आडव्या खाचा पाडल्या, तर चुंबक जलद घसरेल की सावकाश? उत्तर आधी लिहून घ्यावे, मग प्रयोग करावा.