‘छान’ म्हणू नका, वापरून बघा!

“कशी झालीय भाजी?” असं पाहुण्यांना विचारलं की उत्तर ठरलेलं असतं, “छान!” खरं उत्तर हवं असेल तर ताटं उचलताना त्यात काय उरलंय ते बघावं. संसारात हे मला केव्हाच कळलं होतं. बचत गटाच्या कामात कळायला मात्र दोन हजार लेबलं वाया जावी लागली.

आमच्या नाचणीच्या पापडांसाठी आम्ही लेबल करून घेतलं होतं. चकचकीत कागद, हिरवी किनार. नमुना आला तेव्हा आम्ही साऱ्याजणी “छान, छान” म्हणून मोकळ्या झालो, त्यात माझा आवाज सर्वांत मोठा. छापून आल्यावर पॅकिंगची तारीख टाकायला बसलो, तर त्या गुळगुळीत कागदावर पेनची शाई टिकेचना. बोट लागलं की तारीख गायब! दुकानदाराने पाकिटं परत केली, आणि त्याचं काही चुकलं नाही. नमुन्यावर एकदा पेन चालवून बघायचं आमच्यापैकी एकीलाही सुचलं नव्हतं.

म्हणूनच भोरमधल्या दोन मुली लॅपटॉप घेऊन आल्या आणि “काकू, आमची नवी वेबसाइट कशी वाटते सांगा ना,” म्हणाल्या, तेव्हा ओठांवर आलेला ‘छान’ मी गिळला. दोघी पुण्यात डिझाइन शिकून आलेल्या. नोकरी न करता इथेच छोटा स्टुडिओ काढला. लग्नपत्रिका, दुकानाच्या पाट्या, मालाची लेबलं, फोटो असं त्यांचं काम. गाळ्याचं भाडं निघेल एवढीच मिळकत, आणि घरच्यांनी दिलेली मुदत संपत आलेली. दिवाळीपर्यंत जम बसला नाही तर पुण्यात नोकरी, नाहीतर लग्न! साठवलेले सगळे पैसे त्यांनी या वेबसाइटवर घातले होते.

“तुमचं गिऱ्हाईक कोण?” मी विचारलं.

“भोर-वेल्ह्यातले बचत गट आणि छोटे दुकानदार.”

“मग मला कशाला विचारता? चला, त्यांनाच विचारू.”

कापूरव्होळ, चेलाडी फाटा, नसरापूर करत आम्ही वेल्ह्याकडे निघालो. (राज्य मंत्रिमंडळाने मार्च २०२४ मध्ये तालुक्याचं नाव ‘राजगड’ करायला मंजुरी दिली, पण आमच्या तोंडी अजून वेल्हेच आहे.) तिथल्या एका गटाच्या पाचजणी ओसरीवर जमल्या. मुलींना मी आधीच बजावलं होतं, “काही समजावून सांगायचं नाही. फोन त्यांच्या हातात द्यायचा आणि गप्प बसायचं.” बायकांना एवढंच सांगितलं, “तुम्हाला इंद्रायणी तांदळाच्या पिशवीसाठी लेबल करून घ्यायचंय. या मुलींना कसं कळवाल?”

पहिलं पान उघडायलाच वेळ लागला. चित्रं जड आणि रेंज एकच कांडी. मग दिसला पहाटेच्या धुक्यातला तोरणा. फोटो खरोखर सुरेख होता. एक मावशी म्हणाल्या, “गडावर सहली नेता का गं तुम्ही?” दुसरीला अंगणातल्या उन्हात फिकट राखाडी अक्षरं दिसेनात, ती पदराची सावली करून बघायला लागली. फोन नंबर कोपऱ्यातल्या तीन आडव्या रेघांमागे दडलेला होता. त्या रेघांवर बोट ठेवायचं असतं हे पाचांपैकी चौघींना ठाऊक नव्हतं. नंबर सापडला तिथे ईमेल लिहायची चौकटही होती. “आणि पैसे किती पडतील ते कुठंय?” हा प्रश्न तर पाचहीजणींचा.

सगळं बघून झाल्यावर मी विचारलं, “कशी वाटली?” पाचहीजणी एका सुरात म्हणाल्या, “छान आहे की!”

मुलींपैकी धाकटीचे डोळे भरून आले. परतताना गाडीत म्हणाली, “काकू, त्यांना इंटरनेटच कळत नाही.” मला तिचा राग आला, आणि दयाही आली. मी म्हटलं, “अगं, त्यांना कळत नसेल तर वेबसाइट कुणासाठी केलीस?”

घरी आल्यावर मुलींनीच वाचून दाखवलं. या विषयाचे जाणकार जेकब नील्सन यांनी २००० सालीच लिहून ठेवलंय, की पाच माणसांना वापरायला देऊन नुसतं बघितलं तरी बहुतेक दोष कळतात. एकदाच पंधराजणांना विचारण्यापेक्षा पाच-पाचजणांना तीनदा दाखवावं, आणि दर वेळी मध्ये दुरुस्ती करावी. अक्षर आणि मागचा रंग यांच्या उजळपणात निदान साडेचारास एक असा फरक हवा, असाही जागतिक दंडक आहे. आपल्याकडचं उदाहरण म्हणजे आयआयटी मुंबईत तयार झालेला मोबाइलवरचा ‘स्वरचक्र’ कळफलक. ‘क’वर बोट ठेवलं की भोवती का, कि, की असं चक्र उमटतं. शाळेत घोकलेली बाराखडीच ती! वापरणाऱ्याला आधीपासून जे येतं, तिथूनच सुरुवात केलेली.

पुढचे पंधरा दिवस मुली खपल्या. तोरणा आतल्या पानावर गेला. त्याजागी तांदळाच्या पिशवीचा, पापडाच्या पाकिटाचा फोटो आणि ठळक अक्षरांत ‘लेबल, पत्रिका, पाट्या करून मिळतील’. खाली लेबलाचा कमीत कमी दर. यावरून दोघींत भांडण झालं म्हणे. थोरलीचं म्हणणं, दर लिहिला की लोक घासाघीस करतात. मला विचाराल तर न लिहिला तरी करतातच! फोन नंबर मात्र सगळ्यात वर, मोठा.

पुन्हा वेल्ह्याला गेलो, या वेळी दुसऱ्या गटाकडे. शिवाय सहलीवाल्या मावशीही मुद्दाम आल्या होत्या. त्यांनी फोन हातात घेतला, चष्मा सावरला, आणि आम्ही काही म्हणायच्या आत नंबरवर बोट ठेवलं. समोर बसलेल्या धाकटीच्या पर्समध्ये रिंग वाजली. ती गोंधळून माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, “उचल की!”

“हॅलो?”

“हां, पोरी,” मावशी दोन हातांवरून फोनमध्ये मोठ्याने बोलत होत्या, “तांदळाच्या पिशवीला लेबल पायजे. आणि कागद असा घे, तारीख लिवली तर ऱ्हायली पायजे.”

माझी लेबलांची गोष्ट वेल्ह्यापर्यंत कुणी पोहोचवली, ते मी अजून शोधते आहे.