फोन टॉवरला पहिली हाक कशी मारतो?
संध्याकाळी घाटकोपरला मेट्रोतून उतरून लोकलकडे जाताना फोनला रेंज फुल, पण नेट ढिम्म. त्यामागचं एक कारण फारसं कुणी सांगत नाही. टॉवरशी बोलणं सुरू करायला 4जीत प्रत्येक सेलकडे, म्हणजे टॉवरच्या कव्हरेजच्या एकेका भागाकडे, 64 ठरावीक संकेत असतात. काही राखीव, उरलेल्यांतला एक फोन स्वतःच निवडून पाठवतो. दोन फोननी एकाच क्षणी तोच निवडला की टक्कर! मग थांबून पुन्हा हाक.

ही देवाणघेवाण चार टप्प्यांची. 5जी मानकाच्या ‘रिलीज 16’ या आवृत्तीत (2020) दोन टप्प्यांचा मार्गही आला: संकेत आणि निरोप एकदमच. नेटवर्कने दोन्ही मार्ग खुले ठेवले असतील, तर सिग्नल किती जोरकस आहे ते पाहून फोन निवड करतो. किती सुंदर रचना आहे ही!

म्हणून गर्दीत सारखा एअरप्लेन मोड चालू-बंद करू नका. दरवेळी पहिल्या हाकेपासून सगळं पुन्हा सुरू होतं.